सोळा नंबरची वजाबाकी

४ जानेवारी, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प: वादात पडायचं नाही. पडलोच तर पुराव्यानिशी बोलायचं. (तीन दिवस उशीर झाला. पण संकल्प घाईत करू नयेत.)

संध्याकाळी भजनाची प्रॅक्टिस आटोपून सगळं मंडळ गुरुदासच्या दुकानात हॉकी लीगची मॅच बघायला थांबलं. गुरुदास मंडळात झांज वाजवतो आणि बाजारात सोडा-सरबत विकतो. टीव्ही त्याचा, त्यामुळे आवाज वाढवण्याचा अधिकारही त्याचाच. लीगमध्ये आमच्या भागाची टीम नाही. ज्यांची जर्सी कोकमाच्या आगळासारखी गडद लाल, ते आपले, असं ठरलं.

मग प्रश्न निघाला की आपल्या टीममधला सगळ्यात मोलाचा खेळाडू कोण. दत्ताराम बुवा म्हणाले, "गोल कोण घालता? तोच. बाकीचे नुसते धावतत." (बुवा पेटी घेऊन पुढे बसतात आणि गातात. बाकीचे आम्ही मागे.) गुरुदास म्हणाला, "गोलकीपर काढून बगा बुवांनू, मगे समाजतला."

मी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि सांगितलं: सोळा नंबर. मधल्या फळीत खेळतो. गोल घालत नाही, अडवत नाही, कॅमेऱ्यात येत नाही. पण सगळा खेळ त्याच्यावर उभा असतो. बुवांनी विचारलं, "मगे तो तुमका दिसलो खंय?"

दिसत नाही, हाच तर माझा मुद्दा होता.

६ जानेवारी
आत्मपरीक्षण. मी कधी हॉकी स्टिक हातात धरली आहे का? एकदा. कॉलेजात असताना, दुसऱ्याची, तो चहा पिऊन येईपर्यंत. मग मला मत देण्याचा अधिकार आहे का? बराच वेळ विचार केला. आहे. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे. तिथली पुस्तकं मी लिहिलेली नाहीत.

एक कसोटीही सापडली. खेळाडू मनातल्या मनात वजा करायचा आणि उरलेल्या टीमचं काय होतं ते बघायचं. गुरुदासला समजावून सांगितली. तो म्हणाला, "वजाबाकी बरी आसा मास्तरांनू, पण आदी ती बाटली खाली करा, क्रेट भरूचो आसा."

९ जानेवारी
सोळा नंबर दुखापतीमुळे बाहेर. टीम १-५ हरली!

मी अवाक्षर काढलं नाही. घरी आल्यावर बुवांना आणि गुरुदासला फोन करून सांगितलं, की बघा, मी अवाक्षर काढलं नाही.

११ जानेवारी, रविवार
बातमी. माघी गणपतीच्या भजन स्पर्धेत या वर्षी मंचावर दहाच माणसं बसणार. मंडळात आम्ही अकरा. बुवा म्हणाले, "फुडच्या रविवारी बसान ठरवया." सगळे सतरंजीकडे बघू लागले.

मी कोरसमध्ये, मागच्या रांगेत, डावीकडून दुसरा. सतरंजीच्या कपाटाची चावीही माझ्याकडे असते. इतकी वर्षं मंडळात आहे, पण स्पर्धेचा योग कधी आला नाही. एकदा कांजिण्या, एकदा बायकोच्या, म्हणजे किशोरीच्या, भावाचं लग्न, एकदा बस चुकली. यंदा मला त्या मंचावर बसायचं आहे. इथे लिहायला हरकत नाही, हे कोणी वाचत नाही. किशोरीने पांढरा झब्बा इस्त्री करून ठेवला आहे. तिने काही विचारलं नाही, मी काही सांगितलं नव्हतं.

१३ जानेवारी
सकाळी दात घासताना लक्षात आलं. मंडळाचा सोळा नंबर मीच.

हा अहंकार तर नव्हे? अहंकारी माणसाला हा प्रश्न पडत नाही. मला पडला. म्हणजे नव्हे.

पण स्वतःच्या जागेसाठी स्वतःच बोलणं बरं दिसत नाही. ते काम माझी गैरहजेरी करेल. उद्यापासून घसा बसल्याचं सांगून प्रॅक्टिसला जायचं नाही. कोरस ढासळेल, मग रविवारी चर्चेचं कारणच उरणार नाही. हे खोटं बोलणं होतं का? माझा घसा वर्षातून कधीतरी बसतोच. मी फक्त तारीख ठरवली.

१४ जानेवारी, संक्रांत
किशोरी म्हणाली, "घसो बसलोहा तर सकाळपासून बोलतास कोणाच्या घशान?" तिळगूळ तोंडात टाकला.

संध्याकाळी प्रॅक्टिसच्या वेळेला गुरुदासचा फोन. मुद्दाम थोडा वाजू दिला. तो म्हणाला, "मास्तरांनू, चावी खंय आसा?" मग स्वतःच येऊन घेऊन गेला. जाताना म्हणाला, "तुमी आराम करा. आमी बगतो."

आमी बगतो! अशा फाजील आत्मविश्वासानेच संघ बुडतात.

१६ जानेवारी
घसा बसल्यामुळे दुकानात जाता येत नाही. मॅच मोबाइलवर एकट्याने पाहिली. वाद घालायला कोणी नसेल तर हॉकीत तसं फारसं काही नसतं.

सोळा नंबर अजून बाहेर. टीम ४-० जिंकली. वरवर बघणाऱ्याला हे माझ्या म्हणण्याच्या विरुद्ध वाटेल. पण सोळा नंबर नसताना जिंकायची सवय टीमला लावली कोणी? सोळा नंबरनेच.

मळ्यापलीकडून प्रॅक्टिसचा आवाज येत होता. कोरस सुरात वाटला. लांबून सगळंच सुरात वाटतं. किशोरीला विचारलं, काही कमी जाणवतं का? तिने हातातलं काम थांबवून नीट कान दिला आणि म्हणाली, "नाय ओ. ह्या खेपेक बरा जमलाहा."

१८ जानेवारी, रविवार
आज बैठक. घसा बरा झाल्याचं सांगून जायचं ठरवलं. झब्बा घातला. ओढ्यावरच्या साकवापर्यंत गेलो. तिथे विचार केला, की मी आपण होऊन गेलो तर कसोटीला अर्थ काय? न्यायला त्यांनी यायला हवं. परत येऊन ओसरीवर बसलो.

आणि संध्याकाळी बुवा स्वतः आले! हातात ज्येष्ठमधाची पुडी. मी वाट बघत राहिलो. बुवा म्हणाले, "मास्तरांनू, घसो म्हत्त्वाचो. स्पर्धा काय, दर वर्साक येतली." मी चार दिवस सराव केलेल्या आवाजात सुरुवात केली, "बुवा, मंडळासाठी मी..." बुवांनी माझा हात धरला. म्हणाले, "माका सगळा कळला. एवढा मोठा मन कोणाचा नसता."

काय कळलं ते कळलं नाही. जाताना बुवा गुणगुणत होते.

२० जानेवारी
घसा बरा आहे हे सांगायचंच, असं ठरवून बाजारात गेलो. गुरुदास लांबूनच ओरडला, "मास्तरांनू, गप रवा! बोलू नकात!" तोंड उघडलं की तो हात वर करायचा. शेवटी खुणेनेच एक सोडा मागितला. थंड नको म्हणून त्याने तोही दिला नाही.

२२ जानेवारी, माघी गणेश जयंती
स्पर्धेला गेलो. प्रेक्षकांत, किशोरीच्या शेजारी. झब्बा तोच.

आमचं मंडळ पहिलं आलं. मी इतका ओरडलो, की पुढच्या रांगेतल्या बायका वळून बघू लागल्या.

बुवांनी माइक घेतला. म्हणाले, "आमी अकरा, नियम दहाचो. कोणाक काढूचा म्हणान माका झोप नाय. ह्यो गुरुदास म्हणता, 'माका काढा, मास्तरांक बसवा, तेंका खूप हौस आसा.' झांज नाय तर भजन कसला? आणि गुरुदासचा मन तरी कसा मोडूचा? पण मास्तरांनी कोणाक काय बोलाक न लावता आपणच घसो बसवन घेतल्यानी. आजचो हार तेंचो."

टाळ्या. मी उभा राहिलो. किशोरी खालून म्हणाली, "आता उभे रवलासच, तर घसो बरो झालो म्हणान पण सांगा."

म्हणजे माझी जागा ठरलेलीच होती. गुरुदासची.

कसोटी मात्र बरोबर निघाली. मला वजा केलं आणि मंडळ पहिलं आलं. मी नसताना जिंकायची सवय मंडळाला मीच

(वाक्य अपुरं सोडलं.)

२३ जानेवारी
सकाळी गुरुदास प्रसाद घेऊन आला. सोबत कपाटाची चावी. म्हणाला, "ठेवा तुमच्याकडे. आमी दुसरी करून घेतली, तुमका उगाच तरास नको." मग म्हणाला, सोळा नंबर बरा झालाय, आज खेळणार आहे, मॅचला या.

त्याला काही सांगायचं होतं. झांजेबद्दल. त्याने माझ्यासाठी जे करायचं ठरवलं होतं त्याबद्दल. शब्द जुळवले, तोंड उघडलं. आवाज फुटेना. कालच्या ओरडण्याने घसा खरोखरच बसला आहे.

गुरुदासने हात वर केला. "पुरे आता मास्तरांनू. स्पर्धा झाली."