वरच्या वाडीची घंटा

ब्रेताञ, समुद्रकिनारा
नोव्हेंबर

प्रिय बाबा,

दोन्ही गालांवर पापा. मी बरी आहे, कंबर तेवढी बोलते. दिवसभर उभं राहून मासळीचे डबे भरायचे म्हटल्यावर ती बोलणारच. पोटातलं बाळ मात्र मजेत आहे.

तुमचा गुडघा कसा आहे? चर्चच्या घंटेचा दोर अजून तुम्हीच ओढता ना? दुसरं आहे तरी कोण म्हणा!

ओदेत मावशी फोनवर म्हणाली, "अगं, नदीकाठची वाडी रिकामी झाली. आता गावात माणसांपेक्षा रस्त्याला वळणं जास्त!" हसले खरी, पण मग जेवण गेलं नाही.

तुम्ही सरपंच. शिरगणतीत माझं नाव गावातच राहू दे, नाहीतर माणसं कमी भरतील आणि आपल्याला नदीपलीकडच्या गावाला जोडतील, हे तुमचं म्हणणं कळतं. पण बाबा, मी राहते इथे. नाव इथेच लागलं. बाळाचंही इथेच लागेल. तिथे डोंगरात सुईण कुठली? डांबरी रस्ता तर आपल्याच अंगणात संपतो. रागावू नका, भांडायचं त्राण नाही आता.

एकच मागते. किती वर्षं झाली, ती घंटा फक्त मयताला वाजते. बाळ झालं की मी फोन करीन. तेव्हा गुडघा कुरकुरला तरी दोर ओढा, आणि आपल्या वरच्या वाडीपासून पार नदीपलीकडे ऐकू जाईल असा ओढा. कोणी विचारलंच तर सांगा, आपल्या गावचं आहे. मोजणीत नसलं, तरी.

तुमची दमलेली,
एलोदी