टकलीच्या पाठीवरचे फोड

बुधवार, ७ जानेवारी
काल तीन होते, आज सात! दादाचा हुकूम सुटला — "रविवारपर्यंत बरे नाही झाले तर हिला प्राण्यांच्या आश्रमात सोडून येणार. घरात रोगराई नको." बाबा नुसते टकलीच्या डोक्यावरचा तुरा कुरवाळत बसले. आई गेल्यापासून, पाच महिने, ते फक्त कुत्रीशी बोलतात. ती गेली तर? विचार करवत नाही.

गुरुवार, ८ जानेवारी
ही जातच बिनकेसाची. तुरा, शेपटीचा झुबका, बाकी सगळी कातडी. दातही निम्मेच! बापरे, ताप आहे का, असं हात लावणारा प्रत्येक जण विचारतो. ते तिचं नेहमीचंच. बाबांच्या गुडघ्यांना त्या उबेनंच आराम पडतो. कोमट पाण्यानं आंघोळ, उन्हात जाताना क्रीम, थंडीत स्वेटर — मी कशातच हयगय करत नाही. मग हे कुठून?
वहिनी तिला पहिल्यापासून "सोललेली कोंबडी" म्हणते. फरशी पुसायचं नवं औषधही तिनंच आणलंय. माझ्या डोक्यात किडा वळवळतोय.

शुक्रवार, ९ जानेवारी
बोलून गेले — फोड त्या फरशीच्या औषधाचेच. जेवताना, सगळ्यांदेखत.
"ताई, मला ती आवडत नाही, खरंय. म्हणून काय मुक्या जिवाच्या वाटेला जाईन?" वहिनी ताट अर्धं टाकून उठली.
संध्याकाळी टकलीला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तिला उताणी केली. पोट स्वच्छ! "फरशीला पोट लागतं, पाठ नाही. पाठीला काय लागतं?"
अंगातून काढलेला लाल स्वेटर माझ्या हातातच होता.
"लोकर. काहींना सोसत नाही."
आईनं अंथरुणात बसून विणलेला. तिच्या हातचा शेवटचा. बाबा रोज सकाळी तो स्वतः घालतात. आणि मी शहाणी — फोड उठल्यावर गारठा नको म्हणून दिवसभर अंगात ठेवायला लागले! वर दोष वहिनीला. लाज वाटते.

शनिवार, १० जानेवारी
स्वेटर लपवला. बाबांना सांगायची हिंमत नाही. त्यांनी तीनदा कपाट उपसलं. "कुठं गेला गं राणी तुझा अंगरखा?" — टकलीला विचारत होते.
वहिनी मशीनवर बसलेली. उशीचा मऊ सुती अभ्रा कापत होती.
"वहिनी, चुकलं माझं."
"ते नंतर. आधी कोंबडीचं माप घ्या."

रविवार, ११ जानेवारी
नवा फोड एकही नाही. जुने सुकताहेत. दादा म्हणाला, "राहू दे."
स्वेटर बाबांच्या मांडीवर ठेवला, सगळं सांगितलं. बराच वेळ ते त्यावरून हात फिरवत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. माझ्याकडे!
"उसव. पण धागा तोडू नकोस. मला मोजे विण."
मला विणता येत नाही. हो म्हटलं.