वास गेला

प्रिय धाकट्या,

फोनवर तू चिडतोस, म्हणून लिहिते. आज कुजलेल्या अंड्यांचा वास नेहमीपेक्षा उग्र आहे. तू इथल्या पेट्रोकेमिकल कारखान्याचा मोठा साहेब. मी त्याच कारखान्याच्या शाळेतली रसायनशास्त्राची निवृत्त बाई. नव्या युनिटच्या जनसुनावणीत पाठिंब्याचा पहिला हात मी वर केला. कंपनीने कबूल केलेल्या नव्या शाळा-दवाखान्यासाठी नव्हे, तुझ्या बढतीसाठी.

एवढं लिहीपर्यंत शेजारीण खिडकीतून ओरडली, "बाई, वास गेला! भावाला चांगलं झापलंत वाटतं!"

मी हुंगून पाहिलं. खरंच गेला आहे. वारा मात्र अजून कारखान्याकडूनच येतोय आणि माझे डोळे चुरचुरताहेत. दरवर्षी नववीला शिकवायचे मी: हा अंड्याच्या वासाचा वायू, हायड्रोजन सल्फाइड, हवेत फार वाढला, की आधी नाक मरतं, मग माणूस. तूही त्याच वर्गात, पहिल्या बाकावर होतास.

शेजारीण आनंदाने उरलेल्या खिडक्याही उघडते आहे. तुझा फोन तीनदा लावला, नुसता वाजतोय. चिडून का होईना, तू नेहमी उचलतोस.

आता हे पत्र टाकण्यात अर्थ नाही. दारं वाजवत निघते. सगळ्यांना वाऱ्याबरोबर नव्हे, वाऱ्याला आडवं चालवत वायूच्या वाटेतून बाहेर काढायचं आहे. कारखान्याकडे वळून बघायला मला वेळ नाही.

तुझी,
ताई