आईचा पत्र्याचा पेला

नॅशव्हिल, जानेवारी १९६७

आई,

कॉलेजच्या बास्केटबॉल संघात मी एकटाच काळा, म्हणून निघताना तू तुझा पत्र्याचा पेला दिलास. म्हणालीस, "गोऱ्यांच्या बाटलीला तोंड लावू नकोस रे, उगाच भांडण नको." महिनाभर मी ऐकलं.

गेल्या आठवड्यात नेमका पेला खोलीवर विसरलो. सामन्यात पाण्याची एकच बाटली फिरत होती. सगळ्यांचं झाल्यावर मी भीत भीत तोंडाला लावली. तोच वेंडल ओरडला. आमच्याच संघातला, तोवर माझ्याशी एक शब्द न बोललेला वेंडल!

"अरे, सगळं तूच ढोसणार का? आण इकडे!"

आणि माझी उष्टी बाटली त्याने घटाघटा रिकामी केली. मागे प्रेक्षक उठून बघायला लागले.

सामना जिंकलो. पण हे पत्र काही टाकणार नाही, कारण तू पेल्याचं विचारशील. त्यात आता वेंडल दाढीचा साबण फेसतो.

तुझा,
क्लीव्हन