किरकोळीने मानलेले आभार

प्रिय भुशा,

पत्र बघून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे. निदान डॉक्टर तरी तसं म्हणतात. डावा हात अजून जरा रुसल्यासारखा वागतो, उठताना टेबलाचा कोपरा धरावा लागतो, आणि एखादा शब्द जिभेवर येऊन बसतो पण पुढे सरकत नाही. काल कात्रीला कात्री म्हणायला मला इतका वेळ लागला, की तुझ्या भाचीने तोवर ती शोधून आणून समोर ठेवली. पण मी घरी आहे, माझ्या खिडकीशी, शिलाई मशीनजवळ, आणि आज सकाळी पहिल्यांदा सुईत दोरा ओवला. कुणाला तरी ओरडून सांगावंसं वाटलं, म्हणून तुला फोन लावला. तू उचलला नाहीस. मी घरी आल्यापासून तू माझा एकही फोन उचललेला नाहीस. पत्राचं बरं असतं, ते कट करता येत नाही.

आधी इकडची मजा सांगते. चर्चच्या मंडळींनी माझ्यासाठी खूप प्रार्थना केली, यात शंकाच नाही. पण विश्वास ठेवायचा आणि तयारीही सोडायची नाही, हा आपल्या मंडळींचा जुना बाणा. मी बेशुद्ध होते तेव्हा गायकवृंदाने माझ्या अंत्यविधीची गाणी बसवून ठेवली होती! ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनीच परवा चहा पिता पिता सांगून टाकलं. वर म्हणाल्या, शेवटच्या गाण्यातले वरचे सूर असे काही लागले होते, की वाया गेल्याची चुटपुट वाटते. मी म्हटलं, बाई, चुटपुट लावून घेऊ नका, आज ना उद्या कामी येतीलच. त्या इतक्या हसल्या की चहा सांडला, आणि मग एकदम रडायलाच लागल्या. माणसं चांगली आहेत रे.

अंथरुणात पडल्या पडल्या मला आपलं जुनं घर फार आठवलं. खाली बाबांचं सुतारकामाचं दुकान, वर आपण, आणि जिन्यावर रंध्यातून निघालेले लाकडाचे कुरळे पापुद्रे. तू दिवसभर भुशात लोळायचास, म्हणून तर भुशा झालास. आणि संध्याकाळचं ते जेवण. टेबलाशी बसलं की ज्याने त्याने दिवसभरातल्या एकाच गोष्टीबद्दल देवाचे आभार मानायचे, आणि त्या गोष्टीवर बोट ठेवता आलं पाहिजे, हा बाबांचा नियम. 'सगळ्याबद्दल आभार' असं कुणी म्हटलं की बाबा परत म्हणायला लावायचे. देवाला घाऊक आभार चालत नाहीत, म्हणायचे, किरकोळीने द्या. गणिताचे मास्तर तापाने आडवे झाल्याबद्दल तू एकदा प्रभूचे अगदी मनापासून आभार मानले होतेस. आईला हसू आवरेना, ती पाणी आणायच्या निमित्ताने आत पळाली. बाबांनी मात्र मान खाली घालून आमेन म्हटलं, आणि जेवण झाल्याबरोबर मास्तरांसाठी सूप घेऊन तुलाच पिटाळलं.

मग तुझी बायको आली. ती शाळेत शिकवायची म्हणून बाबांनी तिला मास्तरीणच करून टाकलं. नव्या सुनेला आपल्या घरचा हा प्रकार जमतो का, म्हणून आपण सगळे टपून बसलो होतो. तर तिने चक्क सासऱ्यांच्या घोरण्याबद्दल देवाचे आभार मानले. म्हणाली, नव्या घरात झोप येत नव्हती, पण भिंतीपलीकडून घोरणं ऐकू आलं आणि आपलं माणूस जवळ आहे असं वाटलं. त्या दिवसापासून बाबा तिच्यावर जीव टाकायला लागले. मीही. ती माझी भावजय कमी आणि मैत्रीण जास्त होती. पडद्यांचं लांबच लांब कापड कापताना दुसरं टोक तीच धरायची. आता मी ते टोक खुर्चीखाली दाबून ठेवते. काम होतं, पण गप्पा होत नाहीत.

तिच्या डोक्यातली रक्तवाहिनी फुटली तेव्हा आपण सगळ्यांनी गुडघे टेकले. तू तर फरशीवरून उठायलाच तयार नव्हतास. ती गेली. दफनभूमीवरून परतताना तू एवढंच म्हणालास, की ताई, यापुढे माझ्यासमोर प्रार्थनेचं नाव काढू नकोस. मी काढलं नाही. तू आलास की टेबलाशी बसून थेट जेवायला लागायचास, मी मनातल्या मनात आभार उरकून घ्यायचे, आणि काही चुकल्यासारखं वाटत नाही असं आपण दोघंही दाखवायचो. आणि मग तेच दुखणं माझ्या वाट्याला आलं. तेच रुग्णालय, तेच डॉक्टर. मी वाचले.

शुद्धीवर आले तेव्हा तू नव्हतास. तुझ्या भाचीने सांगितलं, मामा धावती भेट देऊन गेला. मी ते खरं धरून चालले. पण तिथल्या खाटांजवळच्या कपाटांचे खण भारी हट्टी. शेजारच्या बाई खण ओढायच्या आणि औषधांसकट सगळं अंगावर घ्यायच्या. माझा खण मात्र एका बोटाने सरकायचा. आत हात घालून चाचपलं, तर खणाखालची लाकडी पट्टी तासलेली आणि तिला साबण चोळलेला. बाबांची युक्ती, आणि ती तुझ्याच सुतारी हाताची! धावत्या भेटीत कुणी खण काढून पट्ट्या तासत बसत नाही. नर्सला विचारलं, तर ती म्हणाली, ते सुतार ना? ते तर रोज येऊन बसायचे. पोरीला तू शपथ घातली होतीस, हे मग उघड झालं.

नर्सने आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती लिहिल्याशिवाय मला राहवत नाही, तू रागावलास तरी चालेल. ती म्हणाली, मी इथे रोज माणसांना प्रार्थना करताना बघते, सगळे काही ना काही मागतात. हा माणूस काहीच मागत नव्हता. तुमच्या उशाशी बसून नुसते आभार मानत होता, आणि तेही कसल्या कसल्या गोष्टींचे! ताईने शाळेच्या जिन्यात बसून फाटलेली चड्डी शिवून दिली, त्याबद्दल. दुकानाची काच मी फोडली आणि ओरडा तिने खाल्ला, त्याबद्दल. बायको गेल्यावर ती रोज फोन करायची आणि नुसतं हवापाण्याचं बोलून ठेवून द्यायची, त्याबद्दल. हे ऐकून मी पांघरूण डोक्यावर ओढलं आणि हमसून हमसून रडले. मागच्या वेळी तू मागितलं होतंस, म्हणून या वेळी मागायचा धीर तुला झाला नाही. होय ना? मी डोळे उघडले त्या सकाळी नर्स तुला सांगायला बाहेर आली, तेव्हा तू भिंतीला टेकलास आणि मला न भेटताच निघून गेलास.

पाळकसाहेब मागे लागलेत, की एका रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभी राहा आणि वाचल्याबद्दल देवाची उपकारस्तुती कर. मी टाळते आहे. मी त्यांना विचारलं, देवाने माझं ऐकलं, तर मास्तरणीचं का नाही ऐकलं? त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला आणि मला ठाऊक नाही म्हणाले. मला ते फार आवडले त्या दिवशी. मलाही ठाऊक नाही, भुशा. पण खोटं कशाला बोलू? सकाळी जाग आली की प्रभूचे इतके आभार मानावेसे वाटतात की छाती भरून येते, आणि पाठोपाठ तुझा चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि जगल्याची लाज वाटते. ती जिथून परत आली नाही तिथून मी परत आले. मला बघितलं की तुला तीच दिसणार, म्हणून तू येत नाहीस, एवढं कळतं मला. दिसू दे. मलाही दिसते ती. चर्चला चल असं मी म्हणणार नाही, प्रार्थनेचं नावही काढणार नाही. पण मी मरत होते तेव्हा तू रोज आलास, आणि जगले तर एकदाही आला नाहीस. ये रे.

तुझीच, अजून असलेली,
ताई