वाडीच्या खोलीत राहून गेलेली

मी तुळसाबाई, गणपतराव भोयर यांची विधवा, वय एकाहत्तर, राहणार प्रतापनगर, नागपूर, लिहून ठेवते की माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. उलट मीच सुनेला समोर बसवून हे लिहायला लावते आहे, कारण माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तिचं मराठी अक्षर चांगलं आहे. असायलाच हवं, पाटीवर मीच गिरवून घेतलं. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही.

एक. प्रतापनगरचं राहतं घर माझा एकुलता मुलगा रविंद्र याला. पुढच्या दाराची कडी नीट बसत नाही हे सांगून माझं तोंड दुखलं. आता घरही त्याचं आणि कडीही त्याची.

दोन. पितळी घंगाळ पारशिवनीच्या नणंदेला, कुसुमताईला. माझ्या लग्नात ते तिलाच हवं होतं, आणि ती ते आजवर विसरलेली नाही. घे बाई.

तीन. वाडीच्या दोन खोल्या मी म्हशीच्या दुधावर घेतल्या, त्यांवर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. रविंद्रला त्या ट्रान्सपोर्टवाल्याला विकायच्या आहेत. तो त्या पाडून गोदाम बांधणार. माझं सांगणं असं की चौथ्या कलमातलं काम होईपर्यंत त्या विकू नयेत, पाडू नयेत, मागच्या खोलीत खिळाही ठोकू नये. कारण त्या खोलीत माझी सून राहते.

सून म्हणते, "आई, मी तर इथं बसून राहिली." तेही लिहून घे म्हटलं.

रविंद्र भातशेतीचं शिकायला फिलिपिन्सला गेला आणि सहासष्ट साली बायको घेऊन आला. नाव मिलाग्रोस. वाडीच्या दारात ती माझ्या पाया पडली नाही. तिनं माझा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. थोरांना मान द्यायची त्यांच्याकडची ती रीत. मी हात ओढून घेतला आणि सगळ्यांदेखत धुतला. मग आपल्या पद्धतीनं पुन्हा लग्न लावलं, ताटात तांदूळ पसरून त्यात नवं नाव काढलं, सत्यवती. नाव तर माझंही बदललं होतं. तेराव्या वर्षापर्यंत मी मैना होते, मी कुठं मेले, असं मी म्हणत असे.

पोरगी हसरी होती. भाकरी फाटली की हसायची, मी रागावले की जास्तच हसायची. सहा वर्षं मी तिला वळण लावलं. काय खायचं, कसं बसायचं, डोक्यावर पदर कुठवर, सगळं.

बहात्तर साली आम्ही वाडी सोडून इकडे प्रतापनगरला राहायला आलो. सामान ट्रकमध्ये चढलं, आणि ही मागच्या दारात उभी राहून स्वतःलाच हाका मारू लागली, "मिलाग्रोस, इन्तायोन, इन्तायोन." म्हणजे चल, निघू. तिच्या मुलखात जागा सोडताना माणूस स्वतःला नावानं हाक मारतं, नाही तर जीव मागं राहून जातो. हे तिनं मला पूर्वी सांगितलं होतं. मला माहीत होतं. पण गल्ली बघत होती, शेजारची इंदुताई पदर तोंडाला लावून हसत होती. मी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"काहून वं, मेलेल्याले बोलावल्यावानी? तुयं नाव सत्यवती आहे. बस गाडीत."

ती बसली. त्या दिवसापासून माझी सून कधी चुकली नाही आणि कधी हसली नाही. मला वाटलं, आता सुधारली. तेव्हा मला आनंद झाला होता, याची आज लाज वाटते.

वाडीत भाडेकरू टिकेनात. दोन वर्षांपूर्वी धोंडबा ड्रायव्हर भाडं द्यायला आला आणि म्हणाला, "काकू, तुमची सून रोज दुपारी तिकडं काहून येऊन राहिली? मागच्या खोलीत तांदूळ निवडत बसते. मले पाहून हासते."

त्या वेळी सून माझ्यासमोर चहा गाळत होती. तिला पाहून धोंडबानं भाडं उंबऱ्यावरच ठेवलं आणि चहा न घेता निघून गेला.

मी दुपारी वाडीला गेले. मोतीबिंदूतून मला रस्त्यावरचा ट्रक दिसत नाही, पण ती स्वच्छ दिसली. वय पंचवीस-सव्वीस, डोक्यावर पदर नाही. घरच्या सुनेचे केस तर पिकायला लागलेत. तिनं उठून माझा हात घेतला आणि कपाळाला लावला. कपाळ माठासारखं गार होतं. या वेळी मी हात ओढला नाही. मी म्हटलं, "मिलाग्रोस, चाल माय." ती दाराकडे बघत राहिली. तेव्हापासून दर गुरुवारी जाते, हाक मारते. माझ्या हाकेनं ती उठत नाही. घरी येऊन सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "मिलाग्रोस कोण, आई?"

चार. म्हणून वाडीच्या दोन्ही खोल्या मी सुनेला देते, तिच्या दोन्ही नावांनी. माझ्या तेराव्याच्या दिवशी दुपारी तिनं मागच्या दारात उभं राहून स्वतःला तिच्या भाषेत हाक मारावी. कोणी हसू नये, कोणी तिच्या तोंडावर हात ठेवू नये. ती परत आली की मग खोल्या खुशाल पाडा. मी तिचं वाईट केलं. मला दोघींनी माफ करावं.

हे लिखाण मला वाचून दाखवलं, ते मी सांगितलं तसंच आहे, म्हणून खाली सही करते.

मुक्काम नागपूर, ता. १९ नोव्हेंबर १९८४
तुळसाबाई गणपतराव भोयर, सही दस्तुरखुद्द

साक्षीदार:
१. धोंडबा रामाजी उईके, ड्रायव्हर, वाडी
२. इंदुताई नेवारे, वाडी (मी तेव्हा हसले होते, हे खरं आहे.)

लिहिणार: वरचा मजकूर आईंनी सांगितला तसा मी लिहिला आणि दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून दाखवला. यापुढच्या ओळी मी कोणाला वाचून दाखवलेल्या नाहीत.

मिलाग्रोस कोण, ते मला माहीत आहे. ट्रक वळला तेव्हा ती मागच्या दारात उभी होती. आईंनी हात केव्हाच काढला होता, मला हाक मारता आली असती. मी मान फिरवली. त्यानंतर बारा वर्षं या घरात जी राबली, जिला सगळे आपली म्हणतात, ती मी आहे. ती परत आली, तर मी कुठं जाऊ?

सत्यवती रविंद्र भोयर