मुंग्यांनी न शिवलेला मध

३ मार्च, सोमवार
खात्याने तपासणीला पाठवलं, म्हणून ताईकडे आलो एकदाचा! मधमाश्या नाहीशा झाल्या म्हणून भाऊ उगवला, नाहीतर भाचीचं तोंड बघायलाही त्याला सवड नव्हती, असं ताई हसत म्हणाली. खरंय ते. बाळंतपणात ऑपरेशन झाल्यामुळे तिला अजून उठता येत नाही. भावोजींच्या बागेत चाळीस पेट्या, त्यातल्या तेहतीस ओस. कामकरी माश्या गायब, राणी जागेवर, अळ्या उपाशी आणि मध मात्र काठोकाठ. मेलेली माशी एकही नाही. त्या मधाला मुंग्याही लागलेल्या नाहीत. काय पण नखरे! मीच पेटीतली पोळ्याची एक चौकट घरी आणली. भावोजी, माळी, स्वयंपाकाच्या मावशी आणि मी, पावाला लावून बोटं चाटत खाल्ला. ताईला साखरेचं पथ्य, ती नुसती बघत होती.

५ मार्च, बुधवार
उरलेल्या सात पेट्यांतल्या माश्यांच्या अंगावर कीड नव्हती. फवारणी झालेली नाही. उपासमार म्हणावी तर मध भरलेला. तसं कळवलं, तर ऑफिसातल्या साहेबांनी अहवाल परत पाठवला. म्हणे, एकच कारण लिहा, 'माहीत नाही' असा रकाना नाही. डोक्याला ताप नुसता! त्यात माळी न सांगता निघून गेला. चपला दाराशीच आहेत.

७ मार्च, शुक्रवार
मावशीही गेल्या, भाजी गॅसवर ठेवून. चपला दाराशीच. भावोजी माझ्यावर खेकसले, माश्या राहू देत, आधी माणसं शोध. अहवाल पुन्हा परत. वैताग आलाय.

८ मार्च
सकाळी भावोजी अर्धी दाढी तशीच ठेवून बाहेर पडले. अनवाणी, टेकडीकडे. हाका मारल्या, वळलेच नाहीत. ताई विचारतेय. तिला काय सांगू? मेलेल्या माश्या सापडत नव्हत्या, कारण त्या मरायला लांब—

९ मार्च
राणी स्वतः मध खात नाही, तिला कामकरी भरवतात. ताईनेही खाल्ला नाही. एवढं साधं! मुंग्यांना कळलं, मला नाही. चौकट मीच आणली. मूर्ख, मूर्ख! साहेबांना फोन केला. लेखी पाठवा म्हणाले.
दाराला कुलूप लावून किल्ली ताईच्या उशाखाली ठेवली. तुम्हा दोघींना सोडून कुठेही जाणार नाही, असं तिला सांगितलंय.

१० मार्च
बाळ रडतंय. दुधाची बाटली माझ्या हातात. पाळणा दोन पावलांवर. ताई हाका मारतेय— आलो म्हणालो—
ऊन छान पडलंय. खिडकीला गज नाहीत.
चपला कशाला, नुसतं टेकडीपर्यंत—